मधुमेह आणि कमी वजन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मधुमेहाचा सल्ला म्हटला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: वजन कमी करा. ज्यांच्या अंगावर आधीच मांस नाही त्यांनी काय करायचं, हे सांगायला फारसं कुणी थांबत नाही. मग बारीक माणसं जाड माणसांचं पथ्य पाळत बसतात आणि आणखी वाळतात. आहारसल्ल्याच्या कामात हे प्रश्न माझ्याकडे इतक्यांदा आले आहेत, की शेवटी सगळे एका जागी आणले. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आणि एक विनंती: औषधाचा डोस इथलं वाचून स्वतःच बदलू नका. इथलं घेऊन डॉक्टरांशी बोला.

१. माझं वजन खरंच कमी आहे, की घरचे उगाच मागे लागलेत?

किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागा. येणारा आकडा म्हणजे बीएमआय. मोठ्या माणसाचा तो १८.५ च्या खाली असेल तर वजन कमी समजतात. १६५ सेंटिमीटर उंचीला ही रेषा साधारण ५० किलोवर येते.

पण एकट्या आकड्यावर जाऊ नका. आयुष्यभर ४९ किलोवर ठणठणीत असलेला माणूस आणि सहा महिन्यांत ६० वरून ४९ वर आलेला माणूस, दोघांची उंची सारखी असेल तर बीएमआयही एकच येईल. काळजी मात्र दुसऱ्याची. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरलं असेल, तर बीएमआय २३ असला तरी कारण शोधायलाच हवं.

२. दोघांचं जेवण एकटा जेवतो, तरी अंगी लागत नाही. खाल्लेलं जातं कुठे?

बरंचसं लघवीतून जातं. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅच्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, उरलेली बाहेर पडते. एक ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ४ कॅलरी. दिवसाला १०० ग्रॅम वाहून गेलं तर ४०० कॅलरी गेल्या, म्हणजे रोजचा एक भरपेट नाश्ता. साखर जाताना पाणीही घेऊन जाते. रात्री चारदा उठणं आणि घसा कोरडा पडणं त्यातलंच.

दुसरी गळती दिसत नाही. इन्शुलिनचं काम फक्त साखर उतरवणं नाही. पेशींनी साखर आत घ्यावी, चरबी साठवावी, स्नायू मोडू नयेत, हे सगळं त्याच्या इशाऱ्यावर चालतं. ते कमी पडलं की शरीर स्वतःचेच स्नायू मोडून त्यांची साखर बनवू लागतं, आणि ती साखरही लघवीवाटे निघून जाते. म्हणून दंड-मांड्या बारीक होतात आणि जिना चढताना पाय भरून येतात. घागर फुटकी असताना पाणी कितीही ओता, ती भरत नाही.

३. मग आधी शुगर ताब्यात आणायची, की आधी वजन वाढवायचं?

आधी गळती थांबवा. शुगर सतत २५०-३०० राहत असताना जास्त खाणं म्हणजे तीच साखर वाढवणं. पण "शुगर नीट होईपर्यंत कमी खा" हेही चूक. पहिल्या दिवसापासून पुरेसं जेवा, उपचार त्या जेवणाला पुरतील असे ठरवून घ्या आणि दिवसातला बराच वेळ शुगर १८० च्या आत राहू लागली की खाणं पायरीपायरीने वाढवा.

एक गंमत इथे नेहमी दिसते. शुगर सुधारली की आहार न वाढवताही पहिले दोन-तीन किलो परत येतात, आणि लोक घाबरून विचारतात, "औषधाने फुगतोय का?" फुगत नाही आहात, गेलेलं परत येतंय. फार झपाट्याने वाढलं तर मात्र प्रश्न १८ पाहा.

४. शुगर बरी आहे, तरी वजन उतरतंय. कोणत्या तपासण्या करू?

सगळ्याचं खापर मधुमेहावर फोडण्याची सवय मोडायला हवी, डॉक्टरांनीही आणि आपणही. थायरॉइड जास्त चालत असेल तर भूक वाढूनही वजन उतरतं, छाती धडधडते, हात थरथरतात. मधुमेह असलेल्याला क्षयरोगाचा धोका इतरांपेक्षा दोन ते तीन पट असतो, त्यामुळे लांबलेला खोकला, संध्याकाळचा बारीक ताप किंवा रात्रीचा घाम असेल तर ती तपासणी टाळू नका. टाइप १ (प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने इन्शुलिन बनणं थांबतं तो मधुमेह) असलेल्यांत सीलिअॅक म्हणजे गव्हातलं ग्लुटेन न सोसण्याचा आजार जास्त आढळतो. पातळ शौच, पोट फुगणं, न भरून येणारा रक्तक्षय ही त्याची लक्षणं.

शौच तेलकट, दुर्गंधी आणि पाण्याने न वाहून जाणारं असेल तर संशय स्वादुपिंडावर. शौचातल्या इलास्टेजची, म्हणजे स्वादुपिंडाच्या एका पाचक एन्झाइमची, साधी चाचणी असते. पाचक रस कमी पडत असतील तर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाच्या पहिल्या घासासोबत आणि जेवण लांबलं तर मध्येही घ्यायच्या असतात. जेवण उरकल्यावर आठवण झाली म्हणून घेतलेल्या कॅप्सूलचा उपयोग फार कमी होतो.

पन्नाशीनंतर नव्यानेच मधुमेह निघाला आणि सोबत वजन उतरतंय, पाठीत-पोटात दुखतंय किंवा कावीळ दिसतेय, तर स्वादुपिंडाचा स्कॅन लांबवू नये. बहुतेकांत काही निघत नाही. पण ज्यांच्यात निघतं त्यांच्यासाठी एकेक आठवडा मोलाचा असतो.

दात आणि मन या दोन गोष्टी कुणी विचारत नाही. हलणाऱ्या दातांनी माणूस चावून खायचे पदार्थ गुपचूप सोडून देतो. आणि नैराश्यात भूक मरते.

५. टाइप २ सांगितलंय, पण मी आयुष्यात कधी जाड नव्हतो. निदान चुकलं असेल का?

शक्य आहे, आणि विचारणं रास्त आहे. मोठ्या वयात हळूहळू सुरू होणारा प्रतिकारशक्तीचा मधुमेह, लाडा, सुरुवातीची काही वर्षं टाइप २ सारखाच वागतो. गोळ्या चालतात, मग चालेनाशा होतात. जीएडी अँटीबॉडी आणि सी-पेप्टाइड या दोन रक्तचाचण्यांनी बराच उलगडा होतो. पहिली सांगते की शरीर स्वतःच्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उठलं आहे का, आणि दुसरी सांगते की स्वतःचं इन्शुलिन किती उरलं आहे.

वारंवार स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल तर मधुमेह त्यातूनही येतो. त्यावरचं प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

तिसरी शक्यता कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाची. १९५५ मध्ये जमैकात त्याचं वर्णन झालं, जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ च्या वर्गीकरणात त्याला जागा दिली आणि १९९९ मध्ये काढून घेतली. २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला "टाइप ५" म्हणून मान्यता दिली. लहानपणापासून अन्नाची ओढाताण सोसलेल्या, खूप बारीक तरुणांत तो दिसतो. त्यात इन्शुलिन कमी बनतं, पण टाइप १ सारखा प्रतिकारशक्तीचा हल्ला नसतो. निकष अजून घडत आहेत, म्हणून बारीक आहे एवढ्यावरून स्वतःला हे लेबल चिकटवू नका.

मात्र, टाइप २ असूनही माणूस बारीक असतो. तेही खरं.

६. गोळ्यांमुळे वजन उतरत असेल का?

हा प्रश्न लोक सर्वांत उशिरा विचारतात. खरं तर पहिला विचारायला हवा.

मेटफॉर्मिन काहींची भूक मारतं, तोंडाला धातूची चव आणतं, पोट बिघडवतं. हळूहळू विरघळणारी गोळी अनेकांना सोसते. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांचं कामच साखर लघवीतून बाहेर टाकणं आहे. दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत साखर, म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी त्या मुद्दाम घालवतात. जाड माणसाला हे वरदान ठरतं. इन्शुलिन कमी असलेल्या बारीक माणसात मात्र याच गोळ्यांनी शुगर फार न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा, म्हणजे किटोअॅसिडोसिसचा धोका असतो. सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड ही औषधं भूक कमी करतात, तोच त्यांचा मार्ग.

उलट बाजूला ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गोळ्या आणि इन्शुलिनने वजन वाढतं. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या वजनाला हलवत नाहीत. पायोग्लिटाझोननेही काटा चढतो, पण त्यातला बराच भाग चरबीचा आणि पाण्याचा, आपल्याला हवेत ते स्नायू नाहीत.

हृदय किंवा किडनीच्या बचावासाठीही यातल्या काही गोळ्या दिलेल्या असतात. तेव्हा परस्पर बंद करू नका. "माझं वजन इतकं उतरलंय, ही गोळी मला अजून योग्य आहे का?" एवढं डॉक्टरांना सरळ विचारा.

७. डॉक्टर इन्शुलिन सुरू करू म्हणतात. म्हणजे शेवटची पायरी आली का?

नाही. वजन उतरत असेल आणि शरीरात इन्शुलिनच कमी असेल तर ते पहिल्याच दिवशी लागतं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं, तेव्हा त्याचं वजन २९ किलोच्या आसपास होतं. त्या काळी उपचार म्हणून मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, कारण दुसरं हाती काहीच नव्हतं. शुद्ध केलेलं इन्शुलिन मिळाल्यावर त्याची तब्येत सुधारली आणि तो आणखी तेरा वर्षं जगला. इन्शुलिनची ओळखच मुळी वाळलेल्या मुलांच्या अंगावर मांस आणणारं औषध म्हणून झाली. "शेवटची पायरी" हे आपण नंतर चिकटवलं.

बारीक माणसाने टोचण्याची पद्धत नीट शिकून घ्यावी. त्वचेखाली चरबीचा थर पातळ असला की लांब सुई थेट स्नायूत जाते, इन्शुलिन भलत्याच वेगाने शोषलं जातं आणि शुगर अचानक पडते. ४ मिलिमीटरची सुई घ्या आणि अंग फार बारीक असेल तर अंगठा आणि तर्जनीने कातडीची हलकी चिमट धरून टोचा. रोज जागा बदला. मी अनेकांना पोटावरून हात फिरवायला सांगते. बेंबीच्या शेजारी, जिथे टोचायला सोपं जातं तिथेच, बोटाखाली रबरासारखी मऊ गाठ लागते. त्या गाठीत टोचलेलं इन्शुलिन कधी लागू पडतं, कधी नाही, आणि माणूस आकडे बघून हैराण होतो.

८. रोज किती जास्त खायचं? महिन्याला किती वजन वाढलं म्हणजे बरं?

सध्या जेवढं खाता त्याहून ३०० ते ५०० कॅलरी जास्त. आठवड्याला पाव ते अर्धा किलो वाढलं तर वेग छान. यापेक्षा घाई केली तर वाढते ती मुख्यतः पोटावरची चरबी, आणि शुगर दमवते.

वजन आठवड्यातून एकदाच करा. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. रोज काट्यावर उभं राहणारी माणसं पाण्याची चढउतार मोजत बसतात. महिनाभर काटा हललाच नाही तर आणखी २००-२५० कॅलरी वाढवा, त्याआधी नाही. गेले काही आठवडे पोटात जवळजवळ काहीच गेलेलं नसेल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही, थेट प्रश्न २१ वर जा.

९. नेमकं काय वाढवू? यादी द्या.

यादीपेक्षा एक ताट बघू. एका बाईंनी मला नाश्ता लिहून पाठवला: पाण्यात शिजवलेले ४० ग्रॅम ओट्स, वर दालचिनी. कॅलरी साधारण १५०, कर्बोदकं २७ ग्रॅम. "यातले ओट्स दुप्पट करू का?" केले असते तर कर्बोदकंही दुप्पट झाली असती.

आम्ही ओट्स तेवढेच ठेवले. त्यात एक मोठा चमचा शेंगदाण्याचं लोणी ढवळलं (९५ कॅलरी), वर २० ग्रॅम अक्रोड घातले (१३०) आणि बाजूला दोन उकडलेली अंडी ठेवली (१४०-१४५). वाटी तीच, पण कॅलरी पाचशेच्या वर गेल्या. कर्बोदकं २७ वरून जेमतेम ३४ ग्रॅम झाली.

सूत्र एवढंच आहे. कर्बोदकं आहेत तिथे राहू द्या, कॅलरी चांगल्या चरबीतून आणि प्रथिनांतून आणा. चरबीच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, कर्बोदकं आणि प्रथिनांच्या ग्रॅमला ४. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरी देतं आणि त्यात कर्बोदकं शून्य. ते शिजलेल्या भाजीवर, डाळीवर, सुपात वरून घालता येतं, पोटाला कळतही नाही. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम बदाम १७० च्या आसपास. साय न काढलेलं दही, पनीर, तेलकट मासे, तीळ, सोयाबीन, कडधान्यं, अॅव्होकाडो हे सगळं याच रांगेतलं.

प्रथिनं शरीराच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम धरा, किडनी ठीक असेल तर (नसेल तर प्रश्न १६). ४८ किलोच्या माणसाला हे ६० ते ७० ग्रॅम होतात. एकाच जेवणात न कोंबता तिन्ही जेवणांत वाटा.

१०. भात, ब्रेड, बटाटा सगळं सोडलं. शुगर एकदम मस्त आहे, वजन मात्र घसरतंय. काय चुकलं?

जे सोडलं त्याच्या जागी काहीच आलं नाही. कर्बोदकं निम्मी केली की त्याबरोबर पाच-सहाशे कॅलरी सहज जातात, आणि काकडी-टोमॅटोने ती जागा भरत नाही. मला ताटाचे फोटो येतात त्यात कित्येकदा तीन चतुर्थांश ताट हिरवंगार असतं. बघायला सुंदर, पण ते ताट वजन उतरवणाऱ्याचं आहे.

बारीक माणसासाठी मी क्रम बदलायला सांगते. आधी अंडं, मासा, पनीर किंवा डाळ, सोबत शिजलेली भाजी तेलासकट, मग भात किंवा ब्रेड. कर्बोदकं शेवटी खाल्ली की जेवणानंतरची शुगर कमी चढते. कच्ची कोशिंबीर चवीपुरती आणि शेवटी, कारण ती पोटातली जागा खाते. आणि भात-ब्रेड थोडा परत आणा. औषध बसवून घेतल्यावर घाबरायचं कारण नाही.

११. जास्त खाल्लं की शुगर चढते. मग डोस वाढवून खाऊ का?

डॉक्टरांशी ठरवून, हो. बारीक माणसाच्या मधुमेहात जेवण औषधाच्या मापात बसवायचं नसतं, औषध जेवणाच्या मापाने शिवायचं असतं. जेवणाआधी इन्शुलिन घेणाऱ्यांना कर्बोदकं मोजून डोस ठरवायला शिकता येतं. ठरावीक मिश्र इन्शुलिन घेणाऱ्यांना तेवढी मोकळीक नसते, त्यांनी वाढवलेलं खाणं रोज त्याच वेळी आणि तेवढंच ठेवावं.

चरबी आणि प्रथिनं वाढवल्यावर एक गोष्ट ध्यानात ठेवा: अशा जेवणानंतर शुगर उशिरा, तीन ते पाच तासांनी चढू शकते. दोन तासांचा आकडा बघून खुश झालेला माणूस सकाळी चक्रावतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं रमतगमत चालणंही मदत करतं.

१२. भूकच लागत नाही. समोर ताट आलं की नको वाटतं.

भुकेची वाट बघू नका, घड्याळ बघा. दर अडीच-तीन तासांनी थोडं, दिवसात पाच-सहा वेळा. जेवणाआधी ग्लासभर पाणी किंवा चहा ढोसायची सवय असेल तर ती मोडा, पाणी जेवणानंतर. चावायचा कंटाळा येतो तेव्हा प्या: दूध, त्यात बदामाची पूड, बिनसाखरेचं. एक ग्लास साय न काढलेल्या दुधात १५० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिनं आणि १२ ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढी हिशेबात धरा. गोळ्या तपासा (प्रश्न ६). बरीच वर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-१२ सुद्धा मोजून घ्या.

१३. तेल, लोणी, अंडी एवढी खाल्ली तर कोलेस्टेरॉलचं काय?

शंका योग्य. बारीक अंग म्हणजे स्वच्छ रक्तवाहिन्या नव्हेत. म्हणून जास्तीची चरबी शक्यतो दाणे, बिया, मासे आणि वनस्पती तेलांतून यावी. लोणी, साय, चरबीदार मटण चवीपुरतं. लिपिड तपासणी तीन-चार महिन्यांनी करा, आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, चालू असेल तर ते "आता मी बारीक आहे" म्हणून बंद करू नका.

१४. वजन वाढवायची पावडर घेऊ का?

"मास गेनर" नावाच्या डब्यांचा मुख्य घटक बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन असतो, आणि तो रक्तात जवळजवळ ग्लुकोजच्या वेगाने चढतो. डबा उलटा करून एका मापातली कर्बोदकं वाचा. ५० ग्रॅमच्या वर दिसली की परत ठेवा. साधी, बिनसाखरेची प्रथिन पावडर ठीक आहे, पण दूध, अंडी, डाळ परवडत आणि पचत असताना तिची गरज नसते. मधुमेहींसाठी बनवलेली पूरक पेयं आजारपणात किंवा भूक मेलेली असताना खरंच उपयोगी पडतात.

ज्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत आणि पंधरा दिवसांत गाल भरतात असा दावा आहे, ती लांब ठेवा. अशा काही चूर्णांत आणि गोळ्यांत छुपं स्टेरॉइड सापडलेलं आहे. स्टेरॉइडने चेहरा सुजतो, स्नायू आणखी झिजतात आणि शुगर तीनशेवर जाते.

१५. आधीच वजन नाही, व्यायामाने आणखी उतरणार नाही का?

तासभर पळाल तर उतरेल. स्नायूंना भार द्याल तर उलट होईल. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून: खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून जोर, रबरी पट्टा ओढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. दहा वेळा केल्यावर अकरावं जड जावं एवढा भार. हेच खाल्लेलं चरबीऐवजी स्नायूंकडे वळवतं, आणि साखर साठवायला सर्वांत मोठी कोठी म्हणजे स्नायूच.

तीन ठिकाणी थांबा. शुगर २५० च्या वर आणि लघवीत किटोन (इन्शुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) असतील तर व्यायाम नको. डोळ्याच्या पडद्यावर नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील तर श्वास रोखून जड वजन उचलू नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. पायांना संवेदना नसेल तर अनवाणी काहीही नको.

१६. किडनीवर परिणाम झालाय, प्रथिनं कमी करायला सांगितलीत. मग वजन कसं वाढवू?

इथे दोन सल्ले एकमेकांना छेदतात, त्यामुळे नुसतं वाचून चालणार नाही. डायलिसिसवर नसलेल्यांना सहसा दर किलोमागे ०.८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं सांगतात, डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते. दोन्ही स्थितींत कॅलरी कमी पडू देणं सर्वांत वाईट, कारण मग शरीर तीच मोजकी प्रथिनं सरपणासारखी जाळतं. अशा वेळी भर तेलावर द्यायचा. दाणे, बिया, केळी यांत पोटॅशियम बरंच असतं, आणि दाणे-बियांत फॉस्फरसही, म्हणून प्रश्न ९ मधला नाश्ता इथे जसाच्या तसा उचलू नका. रक्ताचे अहवाल घेऊन किडनीचा आहार समजणाऱ्या तज्ज्ञाकडे एकदा तरी जा.

१७. दोन घासांत पोट भरतं, कालचं आज उलटीत निघतं. तरी तेल-दाणे खायचे?

नाही, हा अपवाद आहे. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहात जठराच्या नसा मंदावतात आणि अन्न तासन्‌तास तिथेच बसतं. चरबी आणि चोथा दोन्ही त्याला आणखी मंद करतात. इथे लहान लहान जेवणं, मऊ शिजवलेलं, वाटलेलं, पातळ. पातळ पदार्थातली चरबी घट्ट पदार्थातल्या चरबीपेक्षा बरी सोसते. जेवणाआधी टोचलेलं इन्शुलिन अन्नाच्या आधीच पोचतं आणि शुगर पडते, म्हणून टोचण्याची वेळही डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी लागते.

१८. एका आठवड्यात तीन किलो वाढले! यश म्हणू का?

नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर ते पाणी आहे. फार काळ चढलेली शुगर इन्शुलिनने उतरवल्यावर सुरुवातीचे काही आठवडे अंगावर अशी सूज येऊ शकते आणि बहुधा आपोआप ओसरते. पण सोबत दम लागत असेल, आडवं झाल्यावर गुदमरत असेल किंवा लघवीला फेस येत असेल, तर हृदय-किडनीची तपासणी त्याच आठवड्यात.

१९. शुगर वारंवार खाली जाते, मग गोड खावं लागतं. त्याने तरी वजन वाढेल ना?

वाढेल, पण हा इन्शुलिनला खाऊ घालण्याचा प्रकार झाला. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम झटपट साखर घ्या, म्हणजे ग्लुकोज किंवा तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. तिथे दाणे किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर पोचायला उशीर करते. आठवड्यात दोन-तीनदा असं होत असेल तर खाणं नव्हे, डोस चुकलाय.

२०. वडील ७८ वर्षांचे आहेत, पथ्य कडक पाळतात आणि वाळत चाललेत. काय करावं?

पथ्य सैल करा. अशक्त वृद्धांमध्ये तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ८ च्या आसपास चालते. तिथे ६.५ साठी धडपडणं म्हणजे शुगर पडून, चक्कर येऊन कंबरेचं हाड मोडून घेणं. शिवाय रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवतो: लोहाच्या कमतरतेत तो खोटा वर जातो, रक्तपेशी लवकर फुटत असतील तर खोटा खाली. घरच्या यंत्राचे आकडे आणि ही सरासरी जुळत नसतील तर हिमोग्लोबिन बघा.

त्यांना आवडतं ते खाऊ द्या, कवळी बसते का पाहा आणि त्यांच्यासोबत बसून जेवा. एकटा माणूस निम्मंच खातो.

२१. आजारपणात महिनाभर काहीच खाल्लं नाही. आता जोरात सुरुवात करू?

जोरात नको. बीएमआय १६ च्या खाली असेल किंवा दहा दिवसांहून जास्त काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर अचानक भरपूर खाल्ल्यावर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. इन्शुलिन सुरू असेल तर हे आणखी वेगाने होतं. अशा माणसाचं खाणं रुग्णालयात, रक्ततपासण्या करत, थायमिन (जीवनसत्त्व बी-१) देऊन, थोड्यापासून वाढवत नेतात.

२२. मुलगी टाइप १ आहे. वजन वाढेल म्हणून इन्शुलिन चुकवते असा संशय येतो. कसं विचारू?

ओरडून नको. खाणं चांगलं, वजन उतरतं, एचबीए१सी १० च्या पुढे, यंत्रात नोंदी नाहीत आणि इन्शुलिन महिनाभर जास्त पुरतं, ही चिन्हं एकत्र दिसली तर संशय रास्त आहे. हा हट्ट नाही, खाण्याशी जोडलेला मानसिक आजार आहे आणि जिवावर बेततो. "टोचायचा कंटाळा येत असेल ना?" इथून सुरुवात करा, आकड्यांवरून नाही. मधुमेहाचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघेही लागतील. दरम्यान निदान लांब पल्ल्याचं इन्शुलिन तरी कुणाच्या तरी समोर टोचलं जाईल एवढं बघा. आणि उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास, तोंडाला फळासारखा वास किंवा गुंगी यातलं काहीही दिसलं तर शुगर कितीही असो, सकाळची वाट न बघता तिला थेट आपत्कालीन विभागात न्या.